पाकिटातलं पाकीट

काका आले ते जिना न चढता सरळ दुकानात शिरले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी आठ-आठ महिन्यांनी उगवले तरी आधी वर जाऊन अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, खोलीत डोकावायचे, मग खाली येऊन कुणाच्या तरी दाढेवर विनोद करायचे. काका दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा विनोद ऐकला की गाल सुजतो, असं आत्या म्हणते. आज विनोद नव्हता. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "कपाटाच्या किल्ल्या दे."

आत्या शिडीवर होती, दातांत पेन्सिल आणि हातात ट्रे. तिने पेन्सिल काढली.

"कुठल्या कपाटाच्या?"

"सगळ्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. आमच्या घरात भांडणाची तयारी अशीच होते, आधी सगळे एकमेकांकडे बघून घेतात.

त्या दिवशी रविवार होता, दुकान बंद. आत्या, बाबा आणि मी सकाळपासून यादी करत होतो, कारण दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या बाई अण्णांची नाणी न्यायला येणार होत्या. चारशे बारा नाणी. पन्नास वर्षं अण्णा या दुकानात जुनी नाणी ओळखत बसले. कुठल्या देशाचं, कुठल्या राजाचं, कुठल्या सालचं. लोक लांबून यायचे, रुमालाची गाठ सोडून काउंटरवर नाणं ठेवायचे आणि अण्णा भिंग लावून सांगायचे. त्यातली जी स्वतःसाठी ठेवली ती ही चारशे बारा, प्रत्येक नाणं तळहाताहून लहान अशा खाकी पाकिटात, आणि पाकिटावर अण्णांच्या अक्षरात देश, साल, वजन. बाईंना नाण्यांइतकीच ती पाकिटं हवी होती. नाण्याशेजारी पाकीट मांडणार, भिंतीवर अण्णांचं नाव लावणार. संग्रहालयाचं तसं पत्र आलं तेव्हा आत्याने ते तीनदा मोठ्याने वाचलं होतं, आणि वर खुर्चीत बसलेल्या अण्णांनी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं होतं. मला तेव्हा वाटलं, खूश झाले म्हणून.

"दादा, आधी पाणी तरी पी," आत्या म्हणाली.

"किल्ल्या दिल्यास की पितो."

आत्या शिडीवरून उतरली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेलाच असतो. अण्णांच्या मागोमाग पंचवीस वर्षं तिने हे दुकान चालवलंय. तिने जुडगा काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. काका तो उचलतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं.

पुढे कुणाच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर तिघांनी वेगवेगळं सांगितलं. ज्याचं त्याच्या जागी ठेवते.

काकांच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते आठवडाभर झोपलेले नव्हते. अण्णांनी त्यांना उभ्या आयुष्यात पत्र लिहिलं नव्हतं. लहानपणी तर ते काकांना नाण्यांना हातही लावू देत नसत, तुझ्या बोटांना घाम येतो म्हणायचे. ते बोटांचं काकांच्या मनातून गेलं नाही. रोज हातमोजे घालून लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस, आणि वडिलांचं एक वाक्य पन्नास वर्षं जवळ बाळगून होता. आता अण्णांनी इतक्या जणांतून त्यांनाच लिहिलं होतं. काकांना राग आला होताच. पण त्याच्या खाली थोडा आनंदही होता, आणि त्या आनंदाचीच त्यांना नंतर जास्त लाज वाटली.

त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

"'तुझी बहीण माझी नाणी बदलते आहे. जपानचं वीस सेनचं चांदीचं नाणं, मेजी तेरा, मी स्वतः ठेवलं होतं. त्या जागी आता मेजी तीस आहे. पाकीटही नवीन केलंय आणि माझ्या अक्षरात केलंय. असं आणखीही असेल. कुणाजवळ बोलू नकोस. तू ये.'"

हे तेरा आणि तीस काय ते आधी मीच सांगून टाकते. जुन्या जपानी नाण्यावर आपल्यासारखं साल नसतं. राजाच्या कारकिर्दीचं नाव असतं आणि ती सुरू होऊन कितवं वर्ष चालू आहे तो आकडा असतो. मेजी कारकीर्द १८६८ साली सुरू झाली. म्हणजे तेरावं वर्ष १८८० आणि तिसावं १८९७. वीस सेनची दोन्ही नाणी दिसायला जुळी, तोच ड्रॅगन, तेच वजन. फरक एवढाच की तिसाव्या वर्षाची भरपूर पाडली, आणि तेराव्या वर्षाची इतकी थोडी की नाणेवाली माणसं त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

"बोल," काका म्हणाले.

"काय बोलू?" आत्या म्हणाली.

"केलंस का?"

"पाकिटं नवीन केली. हो."

"आणि नाणी?"

आत्याने पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली.

"दादा, काहीतरीच काय," बाबा म्हणाले. आई नर्स आहे, आणि त्या दिवशी ड्युटीवर होती. आई घरात नसली की बाबांचं निम्मं बोलणं तिच्याबरोबर बाहेर जातं. तरी तेवढं बोलले. "तिने अण्णांसाठी काय काय सोडलंय ते तुला..."

"काय काय सोडलंय ते मला तोंडपाठ आहे. दर वेळी फोनवर ऐकतो. काय काय घेतलंय ते विचारतोय."

"तू येऊन बघितलंयस कधी?" बाबा म्हणाले. "फोनवरून दात दिसत नाहीत म्हणतोस ना पेशंटला?"

"मग तूच बघ. तू तर इथे दर रविवारी येतोस. तू छापखान्यातला माणूस, बावीस वर्षं प्रुफं तपासलीस. घे. यातली अण्णांच्या हातची कुठली आणि तिच्या हातची कुठली, सांग."

बाबांनी नकार द्यायला हवा होता. ते स्वतःच तसं म्हणतात. पण कुणी समोर छापील किंवा लिहिलेलं काही ठेवलं की बाबांचे डोळे परवानगी न विचारता कामाला लागतात. हॉटेलात मेनू कार्डातल्या चुका पेनने दुरुस्त करतात ते. त्यांनी पहिला ट्रे ओढला. अण्णांचा नऊ त्यांना माहीत होता. खाली येणारी शेपटी एका झटक्यात, टोकाला शाई पातळ. दहा-बारा पाकिटं पुढे सरकवली आणि मग एकावर त्यांचा अंगठा थांबला. इथेही नऊ तसाच होता, अगदी तसाच, पण शेपटी कुणीतरी श्वास धरून काढलेली. टोकाला शाई पातळ व्हायच्या ऐवजी साचली होती.

त्यांनी ते पाकीट बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं, आणि आत्या मान हलवून नको म्हणत होती का, की फक्त दमली होती, ते त्यांना कळलं नाही.

"ही तिची आहेत," बाबा हळूच म्हणाले.

"किती?"

"अजून बघतोय."

"बघ बघ. सावकाश बघ." काकांनी खुर्ची ओढली. "मी आज अण्णांना घेऊन जातोय. माझ्याकडे राहतील. उद्या त्या बाईंना मी फोन करतो, काही पाठवायचं नाही म्हणून. आणि तू," ते आत्याला म्हणाले, "दुकान बंद कर आणि मोकळी हो. पोलिसात वगैरे मी जाणार नाही. अण्णांची अब्रू आहे."

"अण्णांना नेऊ नकोस," आत्या म्हणाली. "बाकी काय करायचं ते कर. त्यांना ही खोली ठाऊक आहे. रात्री उठले तर दिव्याचं बटण सापडतं त्यांना."

"दिव्याची बटणं माझ्याकडेही आहेत."

आत्या चहा टाकायला आत गेली.

दुकानाच्या मागे एक अरुंद स्वयंपाकघर आहे. तिथे तिने गॅस पेटवला आणि भांडं ठेवायचं विसरली. तिला आठवत होता तीन वर्षांपूर्वीचा दिवस. मोरोक्कोचं एक तांब्याचं नाणं आलं होतं, त्यावर नेहमीच्या इंग्रजी आकड्यांत १३२०. असलं नाणं अण्णा नव्या माणसाला मुद्दाम दाखवायचे. नवखा लगेच म्हणतो, अबब, सातशे वर्षं जुनं. मग अण्णा समजावायचे की हे हिजरी साल आहे, हिशेब केला तर इसवी सन १९०२ येतं, नाणं माझ्या वडिलांच्या वयाचं आहे. त्या दिवशी अण्णांनी पाकिटावर लिहिलं, 'इ.स. १३२०'. आत्या हसली. तिला वाटलं, गंमत करताहेत. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाकीट ट्रेमध्ये नीट ठेवलं आणि पुढचं नाणं घेतलं.

त्या संध्याकाळी तिने नवीन पाकीट केलं. अण्णांचं अक्षर काढायला तिला चार वह्या लागल्या. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पण भावांना तिने वय झालंय एवढंच सांगितलं. सांगितलं असतं तर दादा त्यांना घेऊन गेला असता, आणि गावभर झालं असतं की अण्णांचं आता चुकतं. मग कुणी रुमालाची गाठ सोडली नसती. आणि संग्रहालयाने भिंतीवर कुणाचं नाव लावलं असतं? चोर ठरणं तिला त्यापेक्षा सोपं वाटलं. म्हणजे, सोपं वाटेल असं वाटलं होतं. दादाच्या तोंडून ऐकेपर्यंत.

आणि इकडे मी.

मी काउंटरमागे उभी होते, आणि खरं सांगायचं तर मला नुसतं उभं राहणं जमत नव्हतं. महिन्यापूर्वी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले होते. तेव्हापासून कुणी चुकीचं बोललं की माझा हात आपोआप वर जायचा. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये हे मला माहीत होतं, पण ते जुन्या मला माहीत होतं. शिवाय अण्णांनी मला नाणी शिकवली होती. आत्या सोडली तर घरात मी एकटीच शिकले. ते मला चवली म्हणतात, म्हणजे जुनं दोन आण्यांचं इवलंसं नाणं, कारण जन्मले तेव्हा तेवढीशीच होते.

मी जपानच्या ट्रेमधून ते पाकीट काढलं. आत्याच्या अक्षरात, 'जपान, २० सेन, मेजी ३०, १८९७'. नाणं तळहातावर घेतलं आणि भिंग लावलं.

जपानी दहा म्हणजे अधिकची खूण. तीन म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. दहा आधी आणि तीन नंतर, तर तेरा. तीन आधी, दहा नंतर, तर तीस. आणि जुन्या नाण्यांवर सगळं उजवीकडून डावीकडे वाचायचं. मी उजवीकडून वाचलं. मेजी, तीन, दहा, वर्ष. तीस. मग उगीचच, खेळ म्हणून, डावीकडून वाचलं. वर्ष, दहा, तीन.

तेरा.

माझे कान गरम झाले. गणित सुटतं तेव्हा होतात तसे.

"काका," मी म्हणाले, "नाणं बदललेलं नाहीये."

"चवले, तू वर जा. अण्णांजवळ बस."

"नाही, ऐका ना. हे पहिल्यापासून तीसच होतं. डावीकडून वाचलं की तेरा दिसतं. पहिल्या दिवशी सगळे तसंच वाचतात. मीपण वाचलेलं."

"तू वाचलंस असशील. अण्णा वाचतील?"

मी पाकीट बोटांत फिरवत राहिले आणि तेव्हा जाणवलं की ते रिकामं नाहीये. आत कागद होता. चिमटीत धरून ओढला तर दुसरं पाकीट निघालं, चार घड्या घातलेलं, मऊ झालेलं. त्यावर 'मेजी १३, १८८०'. एका झटक्यात काढलेल्या रेघा. अण्णांचं खरं अक्षर.

बाबांनी बाजूला काढलेल्या ढिगातलं वरचं पाकीट मी उचललं. त्यातही होतं. मग पुढचं. बाबा उठून माझ्याशेजारी आले. मी जोड्या मांडायला लागले, बाहेरचं वर, आतलं खाली. बाहेर 'हिजरी १३२०, इ.स. १९०२', आत 'इ.स. १३२०'. सयामचं, म्हणजे आताच्या थायलंडचं, एक नाणं होतं. तिथे बुद्धाचा शक असतो आणि त्यातून ५४३ वजा करायचे असतात. बाहेर लिहिलं होतं १९३७. आत अण्णांनी वजा करायच्या ऐवजी मिळवले होते. इ.स. ३०२३.

"बघा, हे तर अजून पाडलंच गेलेलं नाही," मी म्हणाले आणि हसले. मी हसले, हे लिहायलाच हवं.

"ठेव ते," आत्या दारात होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये रिकामे कप. "चवले, ठेव ते आत."

"अगं पण आत्या, तू काही केलं नाहीयेस. हे बघ ना, जेवढी तुझ्या हातची आहेत तेवढी सगळी बरोबर आहेत. काका, बघा, सगळी बरोबर आहेत. चुकलेली सगळी..."

आणि तिथे मला ऐकू आलं मी काय म्हणतेय ते.

वाक्य अर्ध्यात सोडून काही उपयोग नव्हता. काउंटरवर एकसष्ट जोड्या होत्या. खालच्या ओळीत अण्णा, एकसष्ट वेळा.

"तू टाकली का नाहीस ती?" बाबांनी आत्याला विचारलं.

"त्यांचं अक्षर आहे," आत्या म्हणाली. "कशी टाकू?"

काका खालच्या ओळीवर वाकून एकेक पाकीट बघून गेले. मग उभे राहिले.

"मला हे पटत नाही," ते म्हणाले. "पत्र बघ. एक शब्द चुकलेला नाही पत्रात. पत्ता बरोबर, पिनकोडसुद्धा बरोबर. ज्याला एवढं कळतं तो तेरा आणि तीसमध्ये गफलत करेल? ही आतली पाकिटंही तुझ्याच हातची नसतील कशावरून? वर बसलेत ना ते. त्यांनाच विचारू. आण ते नाणं."

"दादा, नको." आत्याने ट्रे ठेवला. "मी घेतलं म्हण. मेजी तेरा मी विकलं, खाल्लं, काय म्हणायचं ते म्हण. या दोघांसमोर म्हणते. किल्ल्या तिथे आहेत. पण त्यांना वाचायला लावू नकोस."

"का?"

"कारण ते वाचतील."

काकांनी माझ्या तळहातावरून नाणं उचललं आणि जिना चढायला लागले. आत्या त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. बाबा खालीच राहिले. जिन्याच्या वळणावरून मी वाकून पाहिलं तर ते एकेक आतलं पाकीट उचलत होते आणि आत्याने घातलेल्या त्याच घड्यांवर पुन्हा घडी घालून जागच्या जागी सरकवत होते.

अण्णा खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आत्या रोज लावते. काकांना बघून ते खुर्चीचे हात धरून उठले.

"या, या. संग्रहालयातून ना? मी म्हटलंच, उद्या येतो म्हणालात तरी तुम्ही आजच याल. कामाच्या माणसाला धीर नसतो."

काका दारातच थांबले. त्यांच्या पाठीमुळे मला चेहरा दिसला नाही. फक्त मान दिसली.

"हो," काका म्हणाले. "संग्रहालयातून."

"बसा. काय आणलंय?"

काकांनी हात पुढे केला. अण्णांनी नाणं घेतलं आणि त्यांची पाठ ताठ झाली. बोटांनी कडा चाचपली, नखावर वाजवून कान लावला, मग भिंग डोळ्याशी नेलं. तोच माणूस. मला माहीत असलेला, काउंटरमागचा माणूस, जणू दुकानातून पाच मिनिटांसाठी वर आलेला. माझ्या मनात आलं, आता बरोबर वाचतील. मी देवाला म्हणाले, वाचू देत, मी चुकीची ठरू दे.

"जपानी नाण्याला घाई करायची नसते," अण्णा म्हणाले. "एक नियम लक्षात ठेवा साहेब. उजवीकडून वाचायचं. नवखा डावीकडून वाचतो आणि तिथेच फसतो. मी आमच्या चवलीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

असं म्हणत त्यांनी करंगळीचं नख नाण्यावर टेकवलं. डाव्या काठावर.

"हे बघा. हे वर्ष. मग दहा. मग तीन." नख सावकाश उजवीकडे सरकत गेलं. "मेजी तेरा. अठराशे ऐंशी. बघून ठेवा, आयुष्यात पुन्हा दिसायचं नाही."

त्यांनी नाणं आणि भिंग काकांकडे दिलं. काकांनी भिंग लावलं. काकांना त्या खुणांमधलं काही कळत नाही. पण नख कुठून कुठे गेलं ते त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणतात, रोज लोक त्यांच्या खुर्चीत आ करून डोळे मिटून बसतात, आणि कधीकधी आरशात असं काही दिसतं की ते त्या माणसाला अजून माहीत नसतं. तेव्हा चेहरा हलू द्यायचा नाही, एवढंच काम असतं. त्यांना ते चांगलं जमतं. त्या दिवशी भिंग खाली घ्यायला त्यांना फार वेळ लागला.

"तेरा," काका म्हणाले. "बरोबर आहे अण्णा. तेराच आहे."

"मग." अण्णा हसले. मग त्यांची नजर काकांच्या मागे आत्याकडे गेली आणि हसू गेलं. "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबता का? घरातलं बोलायचंय. दोन मिनिटं."

काका बाहेर आले. माझ्याशेजारून गेले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. आत्याने दार लोटलं, पण ते दार कधीच नीट लागत नाही.

"माझ्या ट्रेमध्ये तूच हात घातलास ना?" अण्णांचा आवाज आला.

आत्याची पावलं खुर्चीपाशी जाऊन थांबली.

"तूच ना? कुणीतरी माझं अक्षर काढतंय. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला."

"हो अण्णा," आत्या म्हणाली. "मीच."

"का?"

"चुकलं माझं."

फटीतून मला अण्णांचा हात दिसत होता, खुर्चीच्या हातावर, उघडझाप करणारा. काका माझ्या मागे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं तसं मी न वळता हात मागे करून त्यांना अडवलं. का ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या हुशारीने एवढं केल्यावर मला निदान तेवढं तरी करायचं होतं.

"पुन्हा करणार नाहीस?"

"नाही करणार."

"बघ हं. नाणं गेलं तर दुसरं मिळेल कधीतरी. पण पाकिटावर खोटं लिहिलं की पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. ते वाईट."

"हो अण्णा."

खुर्ची करकरली. अण्णा बसले असावेत. मग ते बोलले ते अगदी वेगळ्या आवाजात, लहानपणी आम्हाला ताप आला की काढायचे तशा.

"रडू नकोस. मी काही बोलणार नाही कुणाला. कबूल केलंस, संपलं. मला उगाच घाई झाली, तुझ्या दादाला पत्र टाकून बसलो."

"असू दे, अण्णा."

"असू दे काय? तो तापट आहे. तुझ्यावर चिडेल, तोंडाला येईल ते बोलेल, आणि मग वर्षभर त्याला वाईट वाटत राहील. लहानपणापासून तसाच आहे. त्याला म्हणावं, म्हाताऱ्याची बघण्यात चूक झाली. मीच चुकलो म्हणून सांग त्याला. चालेल?"

दाराच्या फटीतून आत्याने बाहेर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून मागे.

"चालेल," ती म्हणाली. "तसंच सांगते दादाला."